गॅरेजमधला कंप्रेसर: हवा फुकट, पाणी पण फुकट

१० मे २०२४, शुक्रवार

आज अक्षय तृतीया, त्यामुळे घरात कुणी 'आत्ताच कशाला' म्हणलं नाही. कंप्रेसर आला एकदाचा. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावकडं एक वर्कशॉप बंद होत होतं तिथून घेतला, सेकंडहँड, २ एचपी सिंगल फेज, १६० लिटरची आडवी टाकी, दोन सिलेंडरचा बेल्टवाला. छोटा हत्ती करून आणला, उतरवताना गल्लीतली पोरं मदतीला आली. सध्या पोर्चमध्ये ताडपत्री टाकून ठेवलाय.

हाच का, हे लिहून ठेवतो, कारण मेव्हणा अजून विचारतोय की ऑनलाइन तो २४ लिटरचा छोटा मिळतो तो का नाही घेतला. तर मुद्दा टाकीचा नाही, सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आहे. टाकी म्हणजे फक्त साठा, गन चालते ती ब्लॉक (हवा दाबणारा पिस्टन-सिलेंडरचा भाग) दर मिनिटाला किती हवा देतो त्यावर. एक एचपीला ७-८ किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशरवर ढोबळमानाने ३ ते ४ सीएफएम खरी हवा मिळते आणि चांगली एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी प्रेशरवाली) स्प्रे गन ८ च्या पुढंच मागते, काही तर १२-१४. अर्धा इंची इम्पॅक्ट रेंचला सरासरी ४-५ पुरतात कारण तो थांबून थांबून चालतो. म्हणजे एक एचपीवर रंगकाम करायचं म्हणजे दोन हात मारायचे आणि चहा प्यायला जायचं. शिवाय ते छोटे डायरेक्ट ड्राइव्हवाले आवाज इतका करतात की शेजारचे काका पहिल्याच दिवशी भांडायला आले असते. (हा पण शांत नाहीये, पण त्याचा आवाज जाडा आहे, डोक्यात जात नाही.)

दुसरं, स्टिकरवर जो सीएफएम छापतात तो बहुतेक वेळा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो. प्रत्यक्षात टाकीत पडते ती हवा त्याच्या दोन तृतीयांश वगैरे. माझ्या ब्लॉकवर ९ लिहिलंय. बघू किती देतोय ते.

काम काय करायचंय: मेव्हण्याची बजाज एम-एटी दुचाकी पूर्ण खोलून रंगवायची, गाड्यांची हवा, नटबोल्ट, आणि धूळ मारणे. सँडब्लास्टिंग आत्ता डोक्यात नाही.

१२ मे, रविवार

सगळ्यात आधी टाकीखालचा ड्रेन कॉक खोलला. कॉक जाम होता, पाना लावून फिरवला तर आधी काहीच नाही, मग तार घातल्यावर चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि येतच राहिलं. गंजाचा गाळ. आधीच्या मालकानं हा कॉक कधी हातात धरलेलाच दिसत नाही. टाकी बाहेरनं रंग मारून चकचकीत असते, खरा गंज आत तळाला असतो जिथं पाणी बसतं, त्यामुळे सेकंडहँड टाकी बघताना वरनं हात फिरवून काही कळत नाही. टॉर्च आणि मोबाईलचा कॅमेरा वरच्या प्लगमधून आत सोडून बघितलं, तळाला तांबूस पट्टा आहे पण खपल्या उडालेल्या नाहीत. तरी हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची तपासणी) केल्याशिवाय हवा भरणार नाही.

नेमप्लेट आहे, ती वाचता येते, वर्किंग प्रेशर १० किलो. प्लेट नसती तर घेतलाच नसता.

ब्लॉक हातानं फिरवला, कॉम्प्रेशन लागतंय दोन्ही सिलेंडरला. हेड खोललं. डिलिव्हरी साइडच्या व्हॉल्व प्लेटवर काळा कार्बन, नखानं निघेल एवढा जाड. हे का होतं तर कुणीतरी त्यात गाडीचं इंजिन ऑइल टाकलेलं असतं. गाडीच्या ऑइलमधलं डिटर्जंट घाण आणि पाणी स्वतःत धरून ठेवतं, गाडीत फिल्टर असतो म्हणून चालतं, इथं फिल्टर नाही, मग ते पाणी धरून पांढरं पडतं आणि गरम हेडला जळून चिकटतं. प्लेट केरोसीनमध्ये भिजत टाकल्या. बारीक पेपरवर काचेवर ठेवून घासायच्या, आठच्या आकड्यात हात फिरवत. पिस्टनच्या रिंगा ठीक वाटतायत.

१८ मे, शनिवार

उद्यमनगरला टाकी नेऊन हायड्रो टेस्ट करून घेतली. शिवाजी उद्यमनगरात एक बरं आहे, तुम्ही कितीही विचित्र काम घेऊन गेलात तरी 'ते पलीकडच्या बोळात करतात' असं सांगणारा कुणीतरी भेटतो.

पद्धत साधी आहे. टाकी पूर्ण पाण्यानं भरायची, वरनं सगळी हवा काढायची (हे महत्त्वाचं, आत हवेचा फुगा राहिला तर टेस्टचा अर्थच जातो), मग हातपंपानं प्रेशर वाढवत वर्किंगच्या दीडपट न्यायचं, म्हणजे १५ किलो, आणि धरून ठेवायचं. अर्धा तास काटा हलला नाही. वेल्डवर फडकं फिरवून बघितलं, कुठं ओल नाही. पाणीच का, तर पाणी दाबलं जात नाही, टाकी फुटली तर एक चिरकांडी उडते आणि प्रेशर शून्यावर येतं. तीच टाकी हवेनं भरून फुटली तर हवा प्रसरण पावत सुटते आणि पत्र्याचे तुकडे करून घेऊन जाते. म्हणून 'हवा भरून बघूया की जरा जास्त' हे अजिबात करायचं नाही.

सेफ्टी व्हॉल्व मात्र जुना ठेवला नाही. त्याची रिंग ओढून बघितली तर हललीच नाही. नवीन घेतला, १० किलोचा. ड्रेनला पण नवीन बॉल व्हॉल्व आणि त्याला वाकवून एक नळी बाहेर काढलीय, कारण ड्रेन करायला टाकीखाली झोपावं लागलं तर माणूस ड्रेन करत नाही, हे त्या तांबड्या पाण्यानं सिद्ध केलंय.

१९ मे, रविवार

लाईटचं काम. २ एचपी म्हणजे १.५ किलोवॅट, असं म्हणून लोक घरातल्या १६ अँपियरच्या गिझर पॉइंटला लावतात. चालू असताना तो साडेनऊ-दहा अँपियर घेतो, ते ठीक, पण सुरू होताना पाच-सहा पट घेतो आणि आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज २०५ पर्यंत येतं. व्होल्टेज कमी म्हणजे मोटर उचलायला वेळ घेते, वेळ घेतला की एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडतो, नाहीतर स्टार्टिंगचा कपॅसिटर जातो.

इलेक्ट्रिशियन दादांशी यावर बराच वेळ वाद झाला. ते म्हणाले सी कर्व्हचा (कर्व्ह म्हणजे किती झटक्याला पडायचं तो प्रकार) ३२ अँपियरचा एमसीबी टाकून मोकळे होऊया, पडणारच नाही. म्हणलं पडायचाच नसेल तर लावायचा कशाला? एमसीबी वायर वाचवायला असतो, मोटर वाचवायला ओव्हरलोड रिले असतो, ही दोन वेगळी कामं. शेवटी ठरलं असं: मीटरच्या बोर्डावरनं वेगळी ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, सी कर्व्ह २० अँपियर, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा), आणि गॅरेजमध्ये डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाईनवर सुरू करणारा) ज्याचा ओव्हरलोड मोटरच्या प्लेटवरच्या करंटला सेट. सी कर्व्ह रेटिंगच्या ५ ते १० पटीला झटक्यात पडतो, डी कर्व्ह १० ते २० पटीला. आमच्या स्टार्टिंगला सी २० पुरला पाहिजे. अर्थिंग स्वतंत्र काढून घेतलं, लोखंडाची टाकी आणि ओल्या फरशीवर उघडे पाय, यात काटकसर नको.

एक्स्टेंशन बोर्डवर हा कधीच चालवायचा नाही, हे भिंतीवर खडूनं लिहिलं. मेव्हण्यासाठी.

२५ मे, शनिवार

जोडणी. जागा गॅरेजच्या मागच्या भिंतीपासून फूटभर सोडून. फ्लायव्हीलची (ब्लॉकवरच्या मोठ्या चाकाची) पाती भिंतीकडची हवा ओढून ब्लॉकवर मारतात, भिंतीला चिकटवला तर तीच गरम हवा फिरत राहते. मोटरची दिशा उलटी झाली तरी हवा भरते बरं का, फक्त ब्लॉक थंड होत नाही, म्हणून बाण बघून दिशा तपासायची.

पायाखाली जाड रबराचे पॅड ठेवलेत. मिस्त्री म्हणत होता फाउंडेशन बोल्ट मारून आवळून टाकतो. नको म्हणलं. काँक्रीट अगदी सपाट नसतं, पाय आवळले की टाकीला पीळ बसतो आणि वरनं थरथर चालूच, मग पायाच्या वेल्डपाशी टाकीला चीर जाते. बोल्ट आहेत पण सैल, फक्त सरकू नये म्हणून.

पुलीत एक गंमत सापडली. ब्लॉकच्या प्लेटवर जास्तीत जास्त ७५० आरपीएम लिहिलंय. मोटर १४४०, मोटरची पुली ७ इंची, फ्लायव्हील साडेबारा इंच. १४४० गुणिले ७ भागिले १२.५ म्हणजे ८०६! आधीच्या मालकानं जास्त हवेच्या नादात मोठी पुली घातलेली. म्हणूनच हेड एवढं जळालेलं. ६ इंची आणली, ६९१ येतात. हवा थोडी कमी मिळेल, पण ब्लॉक टिकेल आणि मोटरवरचा लोड पण कमी झाला.

दोन्ही पुलीच्या तोंडावर दोरी ताणून लाईन बघितली, मोटर दोन सूत आत सरकवायला लागली. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १०-१२ मिलिमीटर जायला पाहिजे, त्याहून ताठ केला तर बेअरिंग जातं. जाळी बसवल्याशिवाय सुरू करायचं नाही.

ऑइल: कंप्रेसर ऑइल, व्हीजी १०० (हा जाडपणाचा ग्रेड). काचेच्या लाल ठिपक्यापर्यंत. जास्त भरलं तर ते हवेबरोबर वर येतं आणि रंगात खड्डे पाडतं.

२६ मे, रविवार

सुरू झाला!!

पहिली पंधरा-वीस मिनिटं ड्रेन आणि आउटलेट दोन्ही उघडे ठेवून मोकळा चालवला. मग बंद केलं आणि घड्याळ लावलं. शून्यापासून ८ किलोपर्यंत साडेसात मिनिटं. हा हिशोब कुणीही घरी करू शकतो: टाकी १६० लिटर, ८ पट हवा भरली म्हणजे १२८० लिटर मोकळी हवा, भागिले ७.५ मिनिटं म्हणजे मिनिटाला १७० लिटर. एक सीएफएम म्हणजे २८.३ लिटर. तर ६ सीएफएम. प्लेटवर ९ आहे, पुली लहान केली ते धरून मला अपेक्षा एवढीच होती, खूश आहे.

क्लँप मीटरवर ७ किलोच्या आसपास ९.४ अँपियर. एमसीबी शांत. प्रेशर स्विच ८ ला बंद, साडेपाचला चालू असा सेट केला. टाकी १० ची आहे म्हणून १० भरलंच पाहिजे असं नाही, माझी कुठलीच गन ६ किलोच्या वर मागत नाही आणि वरचे दोन किलो भरायलाच सगळ्यात जास्त वीज आणि उष्णता जाते. हेडपासून टाकीत जाणाऱ्या तांब्याच्या नळीला चुकून हात लावू नका, चटका बसतो म्हणजे बसतोच.

मुलगा म्हणाला बंद होताना तो शिंकतो. खरंय, ती 'फुस्स' महत्त्वाची. प्रेशर स्विच मोटर बंद करतो तेव्हा अनलोडर (स्विचजवळचा छोटा व्हॉल्व) हेड आणि एनआरव्हीच्या (टाकीतली हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व) मधली हवा सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटर रिकाम्या पिस्टनवर सुरू होते. फुस्स झाली नाही तर पुढच्या स्टार्टला मोटर फक्त गुंगुं करते.

२ जून, रविवार

फुस्स थांबत नाही. बंद झाल्यावर अनलोडरमधून हवा बारीक येतच राहते. याचं कारण अनलोडर नसतो, एनआरव्ही असतो. एनआरव्ही नीट बसला नाही तर टाकीतली हवा उलटी येऊन अनलोडरच्या वाटेनं बाहेर जाते, आणि लोक नवा प्रेशर स्विच घालून पैसे घालवतात. टाकी पूर्ण रिकामी केली (काटा शून्यावर आला तरी कॉक उघडा ठेवून), एनआरव्ही खोलला, आत कार्बनची खपली अडकलेली. साफ केला, आतली चकती नवीन टाकली. आता एकदाच फुस्स.

रात्रभर ८ किलोवर ठेवला, सकाळी काटा साडेसहा किलोवर. सगळीकडं साबणाचं पाणी मारलं, गळती क्यूआरसीच्या (होज झटक्यात जोडायच्या कपलरच्या) मागच्या आट्यात निघाली. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळून परत बसवलं.

१६ जून, रविवार

पाईपलाईन. प्लंबर पीव्हीसी घेऊनच आला होता. 'सायेब, पाईपवर लिवलंय बघा धा किलो.' लिहिलंय, पण पाण्यासाठी. पीव्हीसी उन्हानं, ऑइलच्या वाफेनं आणि गरम हवेनं कडक होत जातो आणि फुटताना त्याच्या काचेसारख्या चिपा उडतात. पाण्यात फुटला तर भिंत भिजते, हवेत फुटला तर डोळा जातो. त्याला हे पटलं की नाही माहीत नाही, पण त्यानं पीव्हीसी परत नेला आणि अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाईप) घेऊन आला, तेवढं पुरे.

लाईन भिंतीवर सहा मीटर. कंप्रेसरपासून पुढं जाताना उतार, मीटरला एक सेंटीमीटर, म्हणजे शेवटी सहा सेंटीमीटर खाली. आणि प्रत्येक पॉइंट मेन पाईपच्या वरच्या बाजूनं टी काढून, वळवून खाली आणलाय. प्लंबरला हे येडेपणा वाटलं, सरळ खालनं काढलं तर दोन एल्बो वाचतात म्हणे. पण पाणी पाईपच्या तळानं वाहतं, खालनं काढलेल्या पॉइंटला ते सगळं पाणी गनमध्ये. वरनं काढलं की पाणी पुढं निघून जातं, शेवटी एक फूटभर उभा तुकडा खाली सोडून त्याला कॉक. टाकी आणि पाईपच्या मध्ये रबरी होजचा तुकडा, नाहीतर थरथर थेट भिंतीत.

गॅरेजमध्ये फिरवायला ८ बाय १२ मिलिमीटरचा (आतून-बाहेरून) लवचिक पीयू पाईप. ती गुंडाळी होणारी बारीक निळी होज फक्त हवा मारायला ठीक, गनला लावली की वाटेतच प्रेशर खाते.

आज मेव्हण्यानं काम झाल्यावर ब्लो गननं शर्टावरची धूळ उडवली. ओरडलो. सगळ्या गॅरेजमध्ये करतात हे, पण ६ किलोची हवा कातडीच्या जखमेतून आत जाऊ शकते, डोळ्यात कण घालू शकते, आणि कारखान्यात मस्करीत अंगात हवा सोडल्यामुळं माणसं मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. हा विषय गमतीचा नाही.

७ जुलै, रविवार

पाऊस पूर्ण लागला आणि खरं काम आता सुरू झालं. तासभर एम-एटीची चॅसी साफ करत होतो, नंतर ड्रेन उघडला, पाणी. परत लाईनच्या शेवटचा कॉक उघडला, तिथं पण पाणी. आणि तरी होजच्या टोकाला काच धरली तर बारीक तुषार. मेव्हणा म्हणाला टाकीला भोक पडून पाऊस आत येतोय काय.

बसून हिशोब केला. २५ डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. आमच्याकडं सध्या आर्द्रता ९० टक्के, म्हणजे जवळजवळ २१ ग्रॅम आत ओढले जातायत. ८ किलोला दाबलं की तीच हवा नवव्या हिश्शात येते (गेजवर ८, अधिक बाहेरचं एक), आणि त्या नवव्या हिश्शात मावते फक्त अडीच ग्रॅम वाफ. बाकीचे १८ ग्रॅम पाणी व्हायलाच पाहिजेत, दुसरा इलाज नाही. सहा सीएफएम म्हणजे तासाला दहा घनमीटर. दहा गुणिले १८, तासाला १८० मिली. जवळजवळ ग्लासभर पाणी, हवेतनं पिळून काढलेलं.

आता मेख अशी की हे पाणी हवा थंड झाल्यावरच पडतं. कंप्रेसर सलग चालत असला की टाकीच गरम असते, हाताला चांगली लागते, मग टाकीतली हवा पाण्याला वाफ म्हणूनच धरून ठेवते आणि ती पुढं जाऊन पाईपात, होजमध्ये, शेवटी गनमध्ये थंड होते. त्यामुळे टाकीच्या तोंडाशीच तो काचेचा वॉटर सेपरेटर लावतात ना, तो तिथं जवळजवळ शोभेचा असतो, कारण तो थेंब पकडतो, वाफ नाही. त्याला थेंब मिळायला पाहिजेत तर आधी हवा थंड करा, मग सेपरेटर लावा. मी टाकीच्या आउटलेटचा सेपरेटर काढून सहा मीटर लांब लाईनच्या टोकाला लावला आणि लगेच फरक दिसला, बाऊलमध्ये पाणी साठायला लागलं.

पण तेवढ्यानं रंग होणार नाही.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांच्या वर, म्हणजे धोका पातळी ओलांडलेली. आमच्याकडं पाणी येत नाही पण पाहुणे घरी आलेत सामान घेऊन, गॅरेज भरलंय. टाकी रिकामी करून मेन बंद.

११ ऑगस्ट, रविवार

प्रयोग. भंगारातलं एक मडगार्ड घेतलं आणि मुद्दाम पाऊस चालू असताना त्यावर एनसी (लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोज) काळा रंग मारला. अर्ध्या भागावर थेट लाईनची हवा, अर्ध्यावर थंड करून वाळवलेली.

थंड करायची सोय अशी: टाकीच्या पुढं मऊ तांब्याच्या नळीची गुंडाळी, पाण्याच्या मोठ्या बादलीत बुडवलेली, दोन्ही टोकांना फ्लेअर नट. गुंडाळीतनं बाहेर आलेली हवा लाईनमध्ये, शेवटी सेपरेटर, आणि गनच्या आधी सिलिका जेलचा डबा. केशरी जेल पाणी प्यायलं की हिरवं होतं, मग जुन्या तव्यावर मंद आचेवर परत केशरी होईपर्यंत तापवायचं. (तवा वेगळा ठेवलाय, स्वयंपाकघरातला नाही, हे सौ.च्या आग्रहाखातर इथं नमूद.)

निकाल: थेट हवेच्या बाजूला बारीक फोड आलेत, पाण्याच्या थेंबाचे. वाळवलेल्या बाजूला फोड नाहीत. पण दोन्ही बाजू पांढुरक्या पडल्या! म्हणजे दुधाळ छटा सगळीकडं. तर हा कंप्रेसरचा दोष नाहीच. थिनर उडताना पत्रा गार करतो आणि खोलीतल्या दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. होजमधली हवा कितीही कोरडी केली तरी गॅरेजातली हवा कोल्हापूरच्या ऑगस्टचीच राहणार. रिटार्डर (हळू उडणारा) थिनर घालून कमी होतं, पण मी ठरवलं, रंग दसऱ्यानंतर. तोपर्यंत घासकाम आणि पुटी.

१ सप्टेंबर, रविवार

शेजारचे काका आले. भांडायला नाही, पण 'दुपारी जरा डोळा लागतो हो' असं म्हणाले म्हणजे तेच. बहुतेक आवाज हवा ओढण्याचा असतो, फिल्टरच्या तोंडाशी. फिल्टर काढून तिथं होज जोडली आणि भिंतीला भोक पाडून फिल्टर मागच्या बोळात, छपराखाली बसवला. आवाज बराच उतरला, आणि शिवाय आतली पुटीची धूळ आणि थिनरचा वास ब्लॉकमध्ये जाणं बंद. होज फिल्टरच्या तोंडापेक्षा बारीक घ्यायची नाही, ब्लॉकचा श्वास कोंडतो. आणि दुपारी एक ते चार कंप्रेसर बंद, हा करार काकांशी झाला, त्या बदल्यात त्यांच्या स्कूटरची हवा माझ्याकडं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. कंप्रेसरला झेंडूची माळ, फ्लायव्हीलपासून लांब बांधली. आज चालवला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

रंग मारला. पीयू काळा (हार्डनर घालून मारायचा पॉलीयुरेथेन रंग), १.४ मिलिमीटर नोझलची वरच्या कपाची गन, हवेची मागणी कमी असलेली बघून घेतलेली, ट्रिगर दाबलेला असताना गनपाशी ३ किलोच्या आत. रेग्युलेटरवर स्थिर काटा बघून सेट करू नका, हवा वाहायला लागली की तो पडतो. एम-एटीचे पार्ट लहान, त्यामुळे सहा सीएफएम पुरले. गाडीची टाकी, मग दोन मडगार्ड, मग साइडपॅनेल अशा क्रमानं, मध्ये कंप्रेसरला दम खायला वेळ. पिस्टनवाल्याला सलग चालवायचं नसतं, दहा मिनिटांत जास्तीत जास्त सहा-सात चालला पाहिजे आणि बाकी गार झाला पाहिजे. कारचं बॉनेट मारायला घेतलं असतं तर हा धापा टाकत बसला असता.

मास्कबद्दल. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्क, धुळीचा मास्क, रुमाल, काही उपयोग नाही, दमा लागतो आणि एकदा अंगाला लागलं की आयुष्यभर त्याची रिॲक्शन येते. मी कार्ट्रिजवाला मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, आणि एक दार उघडं, समोरच्या बाजूला एक्झॉस्ट. खरं तर बाहेरनं ताजी हवा पुरवणारा मास्क हवा, आणि ती हवा या कंप्रेसरमधून घ्यायची नाही, यात ऑइलची वाफ असते.

फिनिश? मेव्हणा म्हणाला, 'नाद खुळा.' मला तळाशी एका जागी संत्र्याच्या सालीसारखं दिसतंय. त्याला दाखवलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी गार पडायला लागलंय. तासभर चालवून ड्रेन केलं तर पाणी जुलैच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच. २० डिग्री आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर हिशोबानं तासाला ७० मिलीच्या आत येतं, ते जुळतंय. सिलिका जेल अजून केशरी आहे. बादली काढली नाही, पण पाणी बदललं, डास होत होते.

ऑइल बदललं. पहिलं ऑइल ५० तासांच्या आसपास बदलायचं, नंतर ३०० च्या पुढं चालतं. निघालेलं ऑइल थोडं काळं, पण पांढरं नाही, म्हणजे क्रँककेसमध्ये पाणी राहत नाहीये. पावसाळ्यात रोज पाच मिनिटं चालवून बंद करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चांगला गरम होईपर्यंत चालवला, त्याचा हा फायदा.

मेव्हणा आता रिम सँडब्लास्ट करूया म्हणतोय. त्याला सलग १० सीएफएमच्या वर लागतात आणि वाळूसाठी हवा याहून कोरडी, शिवाय साधी नदीची वाळू वापरली की सिलिकाची धूळ फुप्फुसात. रिम उद्यमनगरला देणार, तिथं एका दुपारचं काम आहे.

बाकी राहिलेलं: लाईनच्या शेवटच्या कॉकखाली बाटली लावायची, सेफ्टी व्हॉल्वची रिंग महिन्याला एकदा ओढायची तारीख कॅलेंडरवर टाकायची, आणि एक जादा बेल्ट आणून ठेवायचा, आत्ताच्या बेल्टच्या आतल्या बाजूला बारीक भेगा दिसायला लागल्यात.